धामणजुव्याचा वाकडा बांध

उभे आहात तिथूनच बघा. बांध देवळापासून अगदी सरळ येतो आणि इथे आल्यावर शंभर-सव्वाशे पावलं आत शिरतो, मोठं वळण घेतो आणि पलीकडे पुन्हा खाडीच्या कडेला जाऊन मिळतो. वळणाच्या बाहेर हे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, बन आहे. आता संध्याकाळची ओहोटी आहे म्हणून बनाच्याही पलीकडे, चिखलात, जांभ्या दगडांची एक ओळ दिसतेय. तो जुना बांध. म्हणजे एके काळी आमचा बांध सरळच होता, आणि आज जिथे कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पळतायत तिथे या धामणजुवा बेटावरचं सगळ्यात चांगलं भात पिकत होतं. येणारा प्रत्येक पाहुणा मला विचारतो, की बांध घालणाऱ्याचा हात चुकला होता का. चूक झाली होती, पण ती हाताची नव्हती.

उद्या पिठोरी अमावास्या. सकाळी पाणी उतरलेलं असेल तेव्हा घरटी एक माणूस डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन इथे येईल. ही आमची रीत. पण पाटी आणली आणि ओतली, असं चालत नाही. आधी बांधावर उभं राहायचं आणि वर्षभरात आपल्या हातून बांधाचं काय वाईट झालं ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. मगच चिखल टाकायचा आणि पायानं दाबायचा. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतो, ते तुम्ही ऐकलं असेल. इथे कुणी साथ देत नाही. सांगणारा सांगतो, बाकीचे ऐकतात आणि पुढचा माणूस पुढे येतो.

तुम्ही कॉलेजातून पाणी मोजायला आलात, तर ही रीत का पडली तेही ऐकून जा. त्या दगडावर बसा, जरा पुढे सरकून, मागे घसरण आहे. होडीवाल्यानं तुम्हाला एक गोष्ट सांगितली असेलच. त्या गोष्टीत बांध राहत नाही म्हणून देवी माणूस मागते आणि एक विधवा बाई आपण होऊन बांधात पुरून घेते. पाहुण्यांना ती फार आवडते, डोळे पुसतात बिचारे. ती विसरा. मी सांगतो ती आमच्या तांडेलांच्या घरात चालत आलेली आहे, आणि खरं सांगायचं तर तांडेलांच्या घरात ती सांगायला कुणालाच आवडत नाही.

गोष्ट गलबतांच्या काळातली. तेव्हा बेटावर तीस-पस्तीस घरं होती असं सांगतात. चारी बाजूंना खारं पाणी, मधे देवळाजवळची गोड्या पाण्याची विहीर आणि बांधाच्या आतला मळा, एवढ्यावर सगळं बेट जगत होतं. बांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार, एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्यांचं. भरती यायच्या आधी फळ्या बसवायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की काढायच्या, म्हणजे मळ्यात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जातं. काम दिसायला सोपं, पण त्याला सुट्टी नाही. तापात असा, सुतकात असा, पाणी काही थांबत नाही.

हे काम बायजा नावाची बाई करायची. तिचा नवरा गलबतावर गेला तो परत आला नाही, आणि त्याचं उघाडीचं काम तिच्याकडे आलं. कामाबद्दल तिला घरटी दोन पायली भात मिळे. शिवाय ओहोटीच्या वेळी उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क होता. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर जी सुंगटं येत, सुंगटं म्हणजे तुमची कोळंबी, ती तिची. आता यातली मेख अशी, की भरतीला जास्त पाणी आत घेतलं तर ओहोटीला सुंगटंही जास्त मिळतात. एक फळी थोडा वेळ काढून ठेवली की झालं. पण बायजानं ते कधी केलं नाही म्हणे. उलट तिला लोक हसत, की हिच्या जाळ्यात सुंगटांपेक्षा पाला जास्त.

पाणी वाढतंय हे पहिल्यांदा तिनंच ओळखलं. तिच्याकडे तुमच्यासारखी मोजपट्टी नव्हती. उघाडीच्या खांबाला शिंपल्यातली कालवं चिकटतात, ती भरतीचं पाणी पोचतं तिथवरच वाढतात. ती कालवं दर वर्षी बोटभर वर चढताना तिला दिसली. दोन वर्षं तिनं बघितलं आणि तिसऱ्या वर्षी गावाला सांगितलं, की बांध हातभर उंच करायला हवा, बांधासमोरची तिवरं तोडणं थांबवायला हवं आणि कुर्ल्या काढायला बांधाच्या पोटात हात घालून बिळं मोठी करणंही थांबवायला हवं. तिवरं लाटेचा मार खातात म्हणून बांध टिकतो, हे काही तिनं नव्यानं सांगायला नको होतं. गावाला ते माहीत होतं. पण चुलीला लाकूड लागतं, आणि एका घरानं एक मोळी आणली तर खाडीचं काय जातं, असं प्रत्येक घराला वाटायचं. अशी तीस घरं.

गावचा मुख्य तेव्हा रखमाजी तांडेल होता. आमचा मूळपुरुष. माणूस वाईट नव्हता असं आमच्या घरात मुद्दाम सांगतात, आणि तसा तो नसेलही. त्यानं बायजाचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पावस सरांदे, मगे बघूया.’’ हेच तो पुढची दोन वर्षंही म्हणाला.

त्यातल्या शेवटच्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येला देवीच्या गावजेवणाची पाळी तांडेलांकडे होती. पाळी म्हणजे मान, आणि मान म्हटला की माणसाला आपलं जेवण मागच्या पाळीपेक्षा सरस करायचं असतं. रखमाजीनं पलीकडच्या काठावरच्या तीन गावांना बोलावणं धाडलं. एवढ्या लोकांचं रांधायला लाकूड हवं, तर त्यानं बांधासमोरची तिवरं तोडायला माणसं लावली. तीस मोळ्या निघाल्या म्हणतात. ती जागा उघाडीपासून साठ पावलांवर होती, रखमाजीच्याच मळ्यासमोर. मग पावसाळ्यात बाहेर समुद्रात जाता येत नाही, मासळी नाही, तेव्हा देवीचा नैवेद्य झाल्यावर पाहुण्यांच्या पानात घालायला सुंगटं हवीत असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं बायजाला निरोप पाठवला. तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा पाठवला. मग तो स्वतः गेला. गावचा मुख्य दोन निरोपांनंतर स्वतः एका विधवेच्या दारात येतो म्हटल्यावर तिला नाही म्हणणं किती जड गेलं असेल, त्याचा विचार तुम्हीच करा. तिच्या घराचं छप्परही त्याच वर्षी गावानं शाकारून दिलं होतं, आणि हे त्यानं बोलता बोलता तिला आठवून दिलं.

तिनं एक फळी काढली. अमावास्येच्या आदल्या दिवसाच्या भरतीला काढली, आणि सुंगटं जाळ्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीचं पुन्हा बोलावणं आलं, की पाहुणे जास्त आलेत, रात्रीच्या पंगतीलाही लागतील. तिनं पुन्हा फळी काढली. या वेळी ती वेळेवर बसवली की जरा उशिरा, याबद्दल दोन मतं आहेत. आमच्या घरातले म्हातारे म्हणत की जरा उशीर झाला. माझी आजी मात्र आमच्या घरात बाहेरून आलेली होती, ती म्हणायची की वेळेवर बसवली.

अमावास्येचं उधाण इथे भर दुपारी येतं. देवळासमोर पंगत बसली होती, पहिला भात वाढून झाला होता, तेव्हा मळ्याकडून आवाज आला असं सांगतात. लोक उठून धावले तोवर बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं आणि पाणी आत येत होतं. भात तेव्हा निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं होतं. तासाभरात सगळा मळा खाऱ्या पाण्याखाली गेला. संध्याकाळपर्यंत विहिरीचं पाणी मचूळ झालं. पाहुणे आपापल्या होड्यांतून निघून गेले आणि वाढलेली पानं कुत्र्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. आता बघा, बांध उघाडीपाशी फुटला नव्हता. उघाडी जशीच्या तशी उभी होती, सगळ्या फळ्या बसवलेल्या. खिंडार पडलं होतं साठ पावलांवर, जिथली तिवरं तोडली होती आणि जिथे कुर्ल्यांची बिळं पोखरून मोठी केली होती. ओहोटीला गावातल्या प्रत्येकानं तिथे जाऊन ते डोळ्यांनी बघितलेलं होतं. तरी देवळात पहिला प्रश्न निघाला तो उघाडीचा. फळी कुणी काढली होती, असं रखमाजीनं विचारलं.

बायजा म्हणाली, की मी काढली.

कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क ज्याचा होता तो स्वतःच प्रश्न विचारत होता. त्याच्याशेजारी बसलेल्यांनीही त्याच सुंगटांसाठी पान मांडलं होतं. बायजानं एकदा सगळ्यांकडे बघितलं म्हणे. प्रत्येकानं मान खाली घातली आणि प्रत्येकाला वाटलं, की आपण एकटेच गप्प आहोत, बोलायचं तर दुसरा कुणी बोलेल. मग उघाडीवालीच्या हलगर्जीनं बांध गेला असं ठरलं आणि तिनं बेट सोडावं असं ठरलं. ती उठली. जाताना ती एवढंच बोलली, ‘‘फळी मिया काढलंय. बांध खंय फुटलो, तां तुमी बघलास.’’

तिला पलीकडे सोडायला होडी द्यायलाही रखमाजी घाटावर गेला नाही. आजारी असल्याचं सांगून घरात बसून राहिला.

पुढे गावानं खिंडार बुजवायला घेतलं. चिखल, पेंढा, दगड घालून बांध पहिल्यासारखा सरळ उभा केला. पुढच्या पुनवेच्या उधाणानं तो नेला. पुन्हा घातला, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा गेला. तिसऱ्यांदा दोन्ही बाजूंनी खुंट मारून घातला, तोही राहिला नाही. देवी माणूस मागतेय अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली. होडीवाला सांगतो ती गोष्ट इथून जन्मली. लोकांना ती बरी वाटली, कारण देवीनं मागितलं म्हटलं की आपण काय केलं हे कुणी विचारत नाही. एका घरानं तर आपल्या म्हाताऱ्या आत्याचं नावही सुचवलं होतं असं ऐकलंय. माणूस भ्याला की कुठवर जातो बघा.

त्या कुजबुजीनं रखमाजी हादरला असं सांगतात. आपण एक बाई आधीच घालवली, आता दुसरी जाणार. तो एकटाच होडी घेऊन पलीकडे गेला. बायजा तिथे मिठागरावर कामाला लागली होती. तळपाय मिठानं फुटलेले, त्यावर चिंध्या बांधलेल्या. त्यानं तिला परत चल म्हटलं. गाव तुला मान देईल, घर देईल, जास्तीचं भात देईल, असंही म्हटलं. ती मीठ ओढतच राहिली. हातातलं काम संपल्यावर तिनं त्याला बांधाचं सांगितलं, ते मात्र सगळं सांगितलं. पाणी वाढलंय, ते तुमच्यासाठी कमी होणार नाही. फुटला तेवढा तुकडा खाडीला देऊन टाका. बांध शंभर पावलं आत घ्या, वळवून घ्या, आणि सोडलेल्या जागेत तिवरं लावा. ती मोठी होईपर्यंत दर वर्षी बांधाला हात लावा.

सोडायचा तुकडा म्हणजे रखमाजीचाच मळा. त्यानं तेही कबूल केलं. मग पुन्हा म्हणाला, तू चल.

‘‘माका घेवन जाशात,’’ ती म्हणाली, ‘‘पण घडलां तां तोंडान सांगशात काय?’’

तो म्हणाला, आत्ता सांगतो, तुझे पाय धरतो.

‘‘माका नको, तांडेलानु. माका ठावक आसा. बांधार उभे रवान सांगा, सगळ्यांसमोर.’’

रखमाजी परत आला. बांध आत घ्यायचा ठरला, आणि कामाच्या पहिल्या दिवशी पहिली पाटी मुख्यानं टाकायची म्हणून तो पाटी डोक्यावर घेऊन उभा राहिला. उभा राहिला आणि त्याला बोलवेना. चिखल पाटीतून गळून त्याच्या तोंडावर, छातीवर ओघळत होता आणि गाव वाट बघत होता. बरंच ऊन वर आलं तेव्हा कुठे तो बोलला असं सांगतात. ‘‘तिवरां मिया तोडलंय. सुंगटां मिया मागलंय. फळी तिका मिया काढूक लायलंय. आणि देवळात मिया गप बसलंय.’’

त्यानंतर कुणीही काही सांगायची गरज नव्हती, सगळं एकट्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पुन्हा तेच झालं असतं. पण मागून एक बाई पाटी घेऊन पुढे आली आणि म्हणाली की कुर्ल्यांची बिळं मी खणली. मग तिचा दीर आला. मग एकेक करून सगळी घरं आली. चुलीसाठी तोडलेली मोळी, अंगण सारवायला बांधाच्या पाठीतून काढलेली माती, बांधावरून नेलेली गुरं, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच, की मी पण गप बसलो. त्या दिवशी जेवढं बोललं गेलं तेवढाच चिखल पडला, आणि तो बांध राहिला.

बायजाला आणायला नंतर गावची मोठी होडी गेली, सजवून, वाजतगाजत. ती आली नाही. आता हेच माझं घर म्हणाली. काही लोक गोष्ट गोड करायला सांगतात की ती म्हातारपणी एकदा होडीतून येऊन बांध बघून गेली. आमच्या घरात सांगतात की ती आलीच नाही. गावानं चूक कबूल केली म्हणून तिचे दिवस परत थोडेच येणार होते.

तर ही त्या वळणाची गोष्ट. आता माझं ऐका, म्हणजे उठायला हरकत नाही. रीत चालू आहे, पण रीतीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हल्ली लोक सांगण्यासाठी हलकीसलकी चूक शोधून आणतात. कुणी म्हणतो माझ्या पोरानं बांधावर प्लास्टिकची बाटली टाकली. कुणी म्हणतो मी इथे विडी ओढली. ऐकणारे हसतात, सांगणारा हसतो. गेल्या वर्षी मी सांगितलं, की माझ्या म्हशीनं बांधाची कड तुडवली. म्हैस तर मी त्याआधीच विकून टाकली होती, तरी कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षीच, रीत उरकल्यावर महिन्याभरानं, भाद्रपदातल्या उधाणाला पाणी बांधावरून आत आलं. चार घरांत शिरलं, विहीर तीन महिने मचूळ राहिली. उघाडी तेव्हा शालन कुबल सांभाळायची. त्या दिवशी ती फळ्या बसवायला थोडी उशिरा आली होती, आणि सगळं तिच्यावर गेलं. देवळातल्या बैठकीला मी होतो. पाणी कुठून चढलं ते मला ठाऊक होतं. तुम्ही आज जिथे पाय न भिजवता होडीतून उतरलात, तो नवा धक्का बांधायला तिवरं काढली, तिथून चढलं. तिवरं काढायला पंचायतीत हो म्हणणारा मीच. पाहुणे आले तर चार पोरं बेटावर राहतील असं मला वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण बैठकीत गप्प बसायचं कारण वेगळं होतं. बांध पुन्हा आत घ्यायचा झाला तर तो माझ्या माडांमधून जाणार. खापर उघाडीवर फुटलं की बांध हलवायचा विषय निघत नाही. शालन दिवाळीच्या आत घराला कुलूप घालून लेकीकडे कुडाळला गेली.

आजही पहिली पाटी तांडेलांची पडल्याशिवाय दुसरं कुणी पुढे येत नाही. घरात आता मोठा मीच, तेव्हा उद्या सगळे माझ्याकडे बघत उभे राहतील. बोलता येईल की नाही ते बघावं म्हणून आज तुम्हाला सांगून बघितलं. परक्यांना सांगणं सोपं आहे, तेवढं कळलं. परवा शालनलाही फोन केला होता. अमावास्येला ये म्हटलं, बांधावर मला काही सांगायचं आहे, ते तू ऐकायला हवंस.

ती म्हणाली, ‘‘माझ्यासाठी नको, भाऊनु. माका त्याच दिवशी म्हायत होतां.’’